सर्पगंधेचे पेपर

संशोधकांच्या पब्लिकेशन लिस्ट वाचायची मला विचित्र सवय आहे. काही लोक जुन्या टेस्ट मॅचची स्कोअरकार्डं चवीने वाचतात ना, तसं. वर नाव, खाली वर्षावार पेपर. कोणत्या वर्षी काय, कुणाबरोबर, कुठल्या जर्नलमध्ये. आपण ऑफिसात एखाद्या जुन्या प्रोजेक्टचा कमिट लॉग बघतो तेव्हा कोणी काय कधी बदललं ते दिसतं, पण का बदललं आणि त्याआधी किती जणांनी तेच सुचवलं होतं ते दिसत नाही. पब्लिकेशन लिस्टचंही तसंच असतं.

या वीकेंडला ज्या लिस्टमध्ये अडकलो ती डॉ. रुस्तम जाल वकील यांची. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ, केईएमचे. त्यातली एक ओळ १९४९ची आहे: 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधला, सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावर काय परिणाम होतो याबद्दलचा पेपर. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदयाच्या जर्नलमध्ये लिहिलेला. आणि तरीही मनाच्या आजारांवरची औषधं, ज्याला आज सायकोफार्माकॉलॉजी म्हणतात, त्या शास्त्राचा इतिहास लिहिणारा कुणीही या पेपराला वळसा घालून जाऊ शकत नाही. हे कसं झालं, ते शोधता शोधता रविवार गेला. त्याचीच ही गोष्ट.

आधी जरा आमच्या वर्ध्याचं.

मी मूळचा वर्ध्याचा, त्यामुळे सर्पगंधेशी माझी ओळख कुठल्या जर्नलमधून झाली नाही, ती गांधीजींच्या बीपीमुळे झाली. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, आणि १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१९ मध्ये गांधीजींच्या तब्येतीवर एक पुस्तक काढलं. त्यात त्यांच्या रक्तदाबाचे आकडे आहेत: २६ ऑक्टोबर १९३७ रोजी १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११०. आज यातला कुठलाही आकडा मशीनवर दिसला तर डॉक्टर तुम्हाला घरी सोडणार नाहीत. आणि त्या काळात गांधीजी सर्पगंधा घेत असत, असं या वनस्पतीवरच्या कितीतरी लेखांत वाचायला मिळतं.

सेवाग्राम आश्रमात गेला असाल तर साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा पाहिला असेल. साप मारायचा नाही, धरून लांब रानात सोडायचा, म्हणून ते ठेवलेले. सापाचं नाव लागलेलं औषध त्याच आश्रमाच्या आसपास घेतलं जात होतं हा नुसता योगायोग. पण इथे माझ्यातला इंजिनियर अडतो. देशातला सगळ्यात जास्त लक्ष ठेवला जाणारा पेशंट. तो काय खातो, किती चालतो, किती वजन भरतं, सगळं लिहिलं जात होतं. मात्र सर्पगंधेचे जे उल्लेख मी वाचले, त्यांतल्या एकातही डोस नाही, किती दिवस घेतली ते नाही, आधीचं बीपी आणि नंतरचं बीपी नाही. म्हणजे औषध होतं, पेशंट होता, कदाचित गुणही आला असेल, पण त्यातून दुसऱ्या कुणाला उपयोग होईल असं काही उरलं नाही.

माहिती असणं एक, ती लिहून ठेवणं दुसरं, आणि लिहिलेलं कुणीतरी वाचणं तिसरं. सर्पगंधेची पूर्ण कथा या तीन पायऱ्यांवरच घडते.

पहिली पायरी फार जुनी आहे. सर्पगंधा हे कमरेच्या आतच राहणारं झुडूप, पांढरी-गुलाबी फुलं, आणि सगळा माल मुळात. आपल्याकडे साप-विंचवाच्या दंशापासून तापापर्यंत ती वापरत. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात सर्पदंशावरच्या झाडांची माहिती आहे. त्यातलं एक झाड सर्पगंधाच असावं असं अभ्यासक मानतात. बिहारात तर तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत. नावातच वापर. युरोपात तिच्या वंशाला रौवोल्फिया हे नाव मिळालं ते लिओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ. गंमत म्हणजे या राउवोल्फचा आपल्या सर्पगंधेशी काहीही संबंध नव्हता. प्लूमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ मध्ये ते नाव दिलं, इतकंच. क्रेडिट कुणाच्या नावावर जमा होईल याचा नेम नाही, हा या गोष्टीतला पहिला नमुना.

आता १९३१.

या एका वर्षात दोन पेपर आले. पहिला रसायनशास्त्राचा. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात काम करणारे सलीमुज्जमान सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी आर. एच. सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींत सापडणारी नायट्रोजनयुक्त क्रियाशील द्रव्यं, वेगळी काढली. एकाला त्यांनी आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमालीन म्हटलं. अजमालीन आजही हृदयाच्या ठोक्यांच्या काही विकारांच्या तपासणीत वापरतात.

दुसरा पेपर गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांचा, 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये. त्याचं शीर्षक मराठीत असं होईल: 'रौवोल्फिया सर्पेंटिना, वेड आणि उच्च रक्तदाब यांवरचं एक नवं भारतीय औषध'. २० ते ३० ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम चूर्ण, दिवसातून दोनदा. झोप येते, उग्रपणा कमी होतो, रक्तदाब उतरतो.

शीर्षक परत एकदा वाचा. वेड *आणि* उच्च रक्तदाब. एकाच मुळीने दोन्हीवर गुण. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध? पोटदुखी आणि तोतरेपणा यांवर एकच गोळी, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. पण सेन आणि बोस यांनी जे दिसलं ते लिहिलं. त्या 'आणि'चं उत्तर मिळायला पाव शतक लागणार होतं.

हा पेपर फारसा कुणी वाचला नाही. का? एकच कारण देता येणार नाही. भाषा इंग्रजीच होती, तेव्हा भाषेचा प्रश्न नाही. जर्नल भारतीय, लंडन-बोस्टनच्या टेबलांवर ते पडलेलं नसायचं, हे एक. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाचणाऱ्यांच्या डोक्यात त्या माहितीला जागाच नव्हती. उच्च रक्तदाबाला 'इसेन्शियल हायपरटेन्शन' म्हणतात ना, त्यातला 'इसेन्शियल' शब्द पुष्कळांनी 'आवश्यक' या अर्थी घेतला. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला जादा दाब लागतोच, तो उतरवला तर पेशंटचं नुकसान होईल, असं मानणारे मोठमोठे डॉक्टर तेव्हा होते. ज्याला आजार म्हणायचीच तयारी नाही, त्यावरचं औषध कोण शोधणार?

मनाच्या आजारांचं चित्र याहून भयंकर. १९३०च्या दशकात तिथे इन्सुलिन देऊन कोमात नेणं आलं, मेंदूचा भाग कापणारी शस्त्रक्रिया आली, विजेचे झटके आले. आमच्या विदर्भात 'याला नागपूरला पाठवा' या वाक्याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूरला पाठवलेला माणूस परत यायचाच असं नव्हतं. अशा काळात मुळीचं चूर्ण दोन वेळा घेतलं की उन्माद ओसरतो, हे वाक्य गंभीरपणे घेणार कोण!

भारतात मात्र काम थांबलं नाही. १९३३ मध्ये कलकत्त्याचे रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी या मुळीतल्या अल्कलॉइडचा परिणाम तपासून छापला. डेहराडूनच्या हिमालया कंपनीने १९३४ मध्ये सर्पगंधेच्या गोळ्या 'सर्पिना' नावाने बाजारात आणल्या. १९४२ मध्ये भाटिया यांचा रक्तदाबावरचा पेपर आला, आणि १९४३ मध्ये 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये गुप्ता, देब आणि काहाली यांचा मनोविकारांवरचा. म्हणजे रिपॉझिटरीत कमिट पडत होते, एकामागून एक. बाहेरून पुल करणारा कुणी नव्हता.

आणि मग १९४९, डॉ. वकील.

रुस्तम वकील पारशी, जन्म १९११. लंडनला शिकून मुंबईत परतले आणि केईएममध्ये काम करू लागले. सर्पगंधा त्यांनी शोधली नाही, आणि पहिल्यांदा वापरलीही नाही. तोवर देशातले कितीतरी डॉक्टर ती देत होते. त्यांनी केलं ते असं: उच्च रक्तदाबाचे ५० पेशंट घेतले, प्रत्येकाचे आकडे नीट नोंदवले, औषध दिलं, काही आठवड्यांनी परत आकडे नोंदवले, तक्ते मांडले, आणि जगातले हृदयरोगतज्ज्ञ जे जर्नल वाचतात त्यात पाठवलं. आजच्या अर्थाने ती डबल-ब्लाइंड ट्रायल नव्हती. पण त्यात जे होतं ते बोस्टनमधल्या डॉक्टरला त्याच्या पेशंटवर करून बघता येण्यासारखं होतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर 'माझ्या मशीनवर चालतं' एवढ्यावर न थांबता दुसऱ्याच्या मशीनवर चालवायच्या पायऱ्या लिहून दिल्या.

बोस्टनमध्ये तसंच झालं. रॉबर्ट विल्किन्स हे तिथले रक्तदाबाचे तज्ज्ञ. त्यांनी भारतातून आलेली सर्पगंधा आपल्या पेशंटना द्यायला सुरुवात केली. रक्तदाब सावकाश उतरला, ते अपेक्षितच. पण पेशंट एक वेगळीच गोष्ट सांगू लागले. झोपेची गुंगी नाही, तरी आतून शांत वाटतं, पूर्वी ज्या गोष्टींचा त्रास व्हायचा त्यांचा होत नाही. विल्किन्स यांनी हे निरीक्षण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. सेन आणि बोस यांच्या शीर्षकातला पहिला शब्द असा वीस वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आला.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळातलं नेमकं शामक द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. 'ट्रँक्विलायझर' हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दही सिबाच्याच योंकमन यांनी १९५३ मध्ये रेसर्पिनचं वर्णन करायला वापरला. गुंगी न आणता शांत करणारं, या अर्थी.

आणि मनोविकारांच्या बाजूने? तिथली वाट तर वर्तमानपत्रातून गेली. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी १९५३ मध्ये बडोद्याच्या एका वैद्यकीय परिषदेत मनोविकारांवरच्या देशी औषधांबद्दल पेपर वाचला. त्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली. ती न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधल्या नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाच्या वाचनात आली. क्लाइनने आपल्या पेशंटना सर्पगंधा आणि रेसर्पिन द्यायला घेतलं आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. म्हणजे बडोद्यातल्या परिषदेतून अमेरिकेतल्या वॉर्डपर्यंत जायला सर्पगंधेला जर्नल नव्हे, पेपरवाल्या पोराने टाकलेला पेपर उपयोगी पडला!

१९५२ मध्येच पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा मनोविकारांवर उपयोग सिद्ध झाला होता. या दोन औषधांनी मनोरुग्णालयांचं रूप बदलायला सुरुवात केली. बांधून ठेवलेली, खोलीत कोंडलेली माणसं बोलायला, जेवायला, घरी जायला लागली. रेसर्पिन पुढे मागे पडलं, क्लोरप्रोमॅझिन आणि त्याचे भाऊबंद पुढे गेले. पण सुरुवात या दोघांची.

१९५७चे लास्कर पुरस्कार बघा. वैद्यकातला हा फार मानाचा अमेरिकन पुरस्कार. त्या वर्षीच्या क्लिनिकल विभागातली नावं: नेथन क्लाइन, रॉबर्ट नोस, रुस्तम जाल वकील, आणि क्लोरप्रोमॅझिनच्या बाजूने लाबोरी, डेनिकर आणि लेहमान. वकिलांना पुढच्याच वर्षी पद्मभूषण मिळालं आणि १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार. क्लाइनला १९६४ मध्ये दुसऱ्यांदा लास्कर मिळाला. या यादीत सेन नाहीत, बोस नाहीत, गुप्ता-देब-काहाली नाहीत, डॉ. हकीमही नाहीत.

इथे रागावणं सोपं आहे. 'बघा, आपल्या लोकांचं श्रेय लाटलं' असं म्हणून मोकळं होता येतं. पण यादीत वकील आहेत, आणि ते आपलेच आहेत. शिवाय वकिलांनी कुणाचं काही लाटलेलं नाही. सर्पगंधा भारतात आधीपासून वापरात आहे हे सांगतच त्यांनी ती मांडली. मला वाटतं, पुरस्कार पहिल्यांदा कळलेल्याला मिळत नाही. ज्याच्यापासून इतरांना कळायला लागतं त्याला मिळतो. हे न्याय्य आहे का? पूर्ण नाही. पण केईएमच्या वॉर्डात बसून ५० पेशंटांचे तक्ते आखणं हे कमी दर्जाचं काम आहे असं जर कुणी समजत असेल, तर त्याने या गोष्टीचा अर्धा भाग वाचलाच नाही.

आता त्या 'आणि'चं उत्तर.

मज्जापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. नॉरअॅड्रेनलीन, सिरोटोनिन, डोपामिन ही संदेश नेणारी रसायनं त्यांत भरून ठेवलेली असतात, गोदामात पोती रचावीत तशी. पोती आत नेणारा एक पंप असतो. रेसर्पिन तो पंपच जाम करतं. माल बाहेर राहतो, बाहेर राहिलेला माल पेशीतली एन्झाइम्स फस्त करतात, आणि हळूहळू गोदाम रिकामं होतं. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसांमधलं नॉरअॅड्रेनलीन संपलं की वाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो. मेंदूत तेच घडलं की माणूस शांत होतो. पंप एकच, म्हणून औषध एकच. वेड आणि उच्च रक्तदाब. १९३१ चं शीर्षक बरोबर होतं, फक्त का ते कुणाला माहीत नव्हतं.

याची पहिली उकल १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी, शोअर आणि प्लेचर यांनी केली. रेसर्पिन दिलं की शरीरातलं सिरोटोनिन रितं होतं, हे त्यांनी दाखवलं. मेंदूतलं रसायन आणि वागणूक यांचा थेट संबंध जोडता येतो, ही कल्पना तिथून पक्की झाली. मग १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे लुळे, कान पाडून बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा दिलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. ससे उठून बसले. त्या एका प्रयोगातून डोपामिन ही स्वतंत्र महत्त्वाची गोष्ट आहे हे कळलं, आणि पार्किन्सन्सच्या पेशंटना एल-डोपा देण्याची वाट उघडली. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. आपण बग सापडावा म्हणून सिस्टिमचा एकेक भाग मुद्दाम बंद करून बघतो ना, रेसर्पिन हे मेंदूसाठी तसं अवजार ठरलं. औषध म्हणून मागे पडलं, अवजार म्हणून अमर झालं.

इथवर वाचून वाटेल की वाचलं गेलेलं ते खरं आणि न वाचलेलं ते राहून गेलं, एवढाच मामला आहे. तसं नाही. उलटंही होतं.

१९५४ मध्ये फ्रायस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की रक्तदाबासाठी रेसर्पिनचे मोठे डोस बरेच दिवस घेणाऱ्या काही पेशंटना नैराश्य येतं. हा इशारा महत्त्वाचाच होता. तो सगळ्यांनी वाचला. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, 'लॅन्सेट'मध्ये डेव्हिस आणि शेपर्ड यांचा पेपर आला. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधला. ५४ चिंताग्रस्त आणि खिन्न पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले, एका गटाला रेसर्पिन, दुसऱ्याला नुसती दिसायला तशीच गोळी. मानसोपचारातल्या अगदी सुरुवातीच्या अशा चाचण्यांपैकी एक. निकाल? रेसर्पिन घेणाऱ्यांना बरं वाटलं!

पद्धत म्हणून बघितलं तर दुसरा पेपर जास्त भक्कम. पण पाठ्यपुस्तकांत गेलं ते पहिल्याचं सार: रेसर्पिन मोनोअमाइन घटवतं, त्याने नैराश्य येतं, म्हणजे नैराश्य हे मोनोअमाइन घटल्यामुळे येतं. १९६५च्या सुमारास हा सिद्धांत रूढ झाला आणि 'मेंदूतलं केमिकल कमी पडतं' हे वाक्य पुढे घराघरात पोहोचलं. नैराश्याचं कोडं इतकं सोपं नाही हे आज तज्ज्ञ सांगतात, आणि रेसर्पिनमुळे नैराश्य येतं हा दावाही पुन्हा तपासला गेला आहे. डेव्हिस आणि शेपर्ड यांचा पेपर कुठे हरवला नव्हता. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध वैद्यकीय जर्नलांपैकी एकात तो होता. सिद्धांताच्या साच्यात बसत नव्हता, एवढंच. सेन-बोस यांच्या बाबतीत आपण जर्नलच्या पत्त्याला दोष देतो. इथे पत्ता लंडनचाच होता.

म्हणून मला वाटतं, वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच काय आहे ते जर्नलच्या पत्त्यापेक्षाही जास्त ठरवतं.

अजून एक हिशेब राहिला. मुळीला जगभर मागणी आली तेव्हा तिची किंमत झुडपाने भरली. औषध मुळात, म्हणजे झुडूप उपटल्याशिवाय माल नाही. जंगलातून इतकी उपसा झाली की सर्पगंधा आज धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. ज्या लोकांनी 'पागल की दवा' हे नाव दिलं, त्यांच्याच रानातून ती विरळ झाली. ही ओळ कुणाच्याच पब्लिकेशन लिस्टमध्ये नसते.

रेसर्पिन आपल्या घरांतून मात्र इतक्यात गेलं नव्हतं. 'अडेल्फेन' हे नाव आठवतंय? आजी-आजोबांच्या डब्यात असायची ती बीपीची गोळी. त्यात रेसर्पिन होतं. माझ्या आजीने ती वर्षानुवर्षं घेतली. आपण सर्पगंधा घेतोय हे तिला कधी कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर 'मग मुळीच उगाळून दे ना' म्हणाली असती. तेव्हा एक सावधगिरी: कुणी काष्ठौषधीच्या दुकानातून मूळ आणून बीपीवर प्रयोग करू नका. मुळीत नेमकं किती द्रव्य आहे ते दर वेळी वेगळं असतं, आणि जाम झालेला पंप लगेच पूर्ववत होत नाही.

आणि शेवटी एक ताजी गोष्ट. मनोविकारांवरची काही औषधं वर्षानुवर्षं घेतल्यावर काही पेशंटचे ओठ, जीभ, हातपाय आपोआप हलायला लागतात. त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. क्लोरप्रोमॅझिनच्या घराण्याचीच ही देणगी. यावर अमेरिकेत २०१७ मध्ये व्हॅल्बेनॅझिन आणि ड्युटेट्राबेनॅझिन या दोन औषधांना मान्यता मिळाली. ती काम कशावर करतात? त्याच पंपावर. रेसर्पिन तो कायमचा जाम करतं, ही नवी औषधं जरा सौम्यपणे आणि सुटेल अशी पकड घेतात. म्हणजे १९५० च्या दशकात शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दोन औषधांपैकी एकाने केलेला त्रास दुसऱ्याच्याच पत्त्यावर जाऊन निस्तरला जातोय.

सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी मेडिकल कॉलेज सुरू केलं, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. खेड्यात उभं राहिलेलं देशातलं पहिलं. गांधीजींच्या तब्येतीची काळजी वाहणाऱ्या याच त्या डॉक्टर. आज त्या आवारात रोज आसपासच्या गावांतून पेशंट येतात, त्यांच्या घरी काय काय मुळ्या-काढे चालतात ते सांगतात. त्यातलं बहुतेक टाकाऊ असेल. एखादी गोष्ट कदाचित नसेल. तिथल्या एखाद्या रेसिडेंट डॉक्टरने पन्नास पेशंटांचे तक्ते आखले, डोस लिहिला, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहिला, आणि कुणी वाचेल अशा ठिकाणी पाठवला, तर बस.

असो. बरंच लांबलं. घरात कुणी अडेल्फेन घेत असेल, किंवा गावाकडे सर्पगंधेचं दुसरं काही नाव असेल तर जरूर कळवा. नाव, गाव, कशासाठी वापरत ते, आणि जमलं तर किती वापरत तेही.